चाकावरची मळकी कोर

चंपतराव शेतकऱ्याच्या घरातले. आदिलाबादजवळच्या तलमडुगू मंडलातल्या त्यांच्या गावात सगळे कापूस आणि ज्वारी करत, पण चंपतरावांचं मन मातीत कधी रमलं नाही. आपल्या वाट्याची जमीन त्यांनी थोरल्या भावाला कसायला दिली आणि मिसरूड फुटायच्या आतच ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. पुढं ड्रायव्हर झाले. उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवण्यात गेली आणि केस पिकायला लागले तेव्हा कुठं स्वतःचा दहाचाकी ट्रक दारासमोर उभा राहिला. भैंशाच्या जिनिंगमधून रुईच्या गाठी भरायच्या आणि नागपूरला, कधी हैदराबादला पोचवायच्या, हे त्यांचं काम.

नवी गाडी आली की ड्रायव्हर लोक केबिन सजवतात. झालरी लावतात, रंगीत दिवे लावतात. चंपतरावांना त्यातलं काही नको होतं. त्यांना चाकं हवी होती. नागपुरात माल उतरवताना त्यांनी शेजारच्या एका गाडीला अॅल्युमिनियमच्या डिस्क बघितल्या होत्या. टायर ज्या गोल डिस्कवर चढतो ती एरवी लोखंडाची असते, रंग दिलेली, वर्षभरात गंजणारी. या गाडीच्या डिस्क आरशासारख्या चमकत होत्या. "वजनाले हलक्या असतेत, ब्रेक तापत नाई," असं ते घरी येऊन विमलबाईंना सांगत राहिले. विमलबाईंनी ओळखलं की वजन आणि ब्रेक ही सांगायची कारणं आहेत. नवऱ्याला त्या डिस्क आवडल्या होत्या, बस. आयुष्यात या माणसानं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंग घ्या न."

डिस्क बसवल्या सुधाकररावांनी. सुधाकरराव म्हणजे चंपतरावांचे क्लीनरकीपासूनचे दोस्त. पुढं त्यांनी गाडी सोडून आदिलाबादच्या बायपासला टायरचं दुकान टाकलं होतं. त्या दिवशी विमलबाईही सोबत गेल्या होत्या, दुकानासमोरच्या लिंबाखाली दिवसभर बसून होत्या.

"लोखंडाचं चाक कसंबी बसते," सुधाकरराव म्हणाले. "याचे नखरे हायेत."

जुन्या डिस्क निघाल्या तेव्हा आतल्या हबवर, म्हणजे चाक ज्या लोखंडावर बसतं त्यावर, गंज आणि रंगाचे थर चढलेले होते. सुधाकररावांनी तारेच्या ब्रशनं ते घासघासून पार उघडं लोखंड काढलं. "रंगावर चाक बसवलं तर चालताचालता रंग दबते," ते म्हणाले, "आन् रंग दबला की नट ढिल्ला." अॅल्युमिनियमची डिस्क जाड, तिला जुने बोल्ट आखूड पडत होते, म्हणून लांब बोल्ट घातले. हब आणि डिस्क यांच्यामध्ये प्लास्टिकची पातळ चकती घातली, नाहीतर पावसापाण्यात लोखंड आणि अॅल्युमिनियम एकमेकांना खातात. मग नट. एक वरचा आवळायचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग एक डावा, त्याच्या समोरचा उजवा. शेवटी बारीक ब्रशनं प्रत्येक नटावरून डिस्कवर येईल अशी पिवळी रेघ ओढली.

"रेघ सरळ हाये तोवर चाक आपल्या जागी हाये," सुधाकरराव म्हणाले. "रेघ तुटली दिसली की समज, नट फिरला. आन् चाक एकडाव खोललं, पुन्हा बसवलं, की थोडी गाडी चालवून थांबायचं, पुन्हा पाना लावायचा. इसरायचं नाई, चंपत."

"मी काऊन इसरतो बाप्पा," चंपतराव म्हणाले.

आणि खरंच ते कधी विसरले नाहीत. खेपेवरून आले की चाकं थंड होऊ द्यायची, मग साध्या साबणाच्या पाण्यानं धुवायची. धुलाई सेंटरवर तेजाबाचं पाणी मारतात, त्यानं अॅल्युमिनियम पांढरं पडतं, म्हणून तिकडं गाडी न्यायचीच नाही. चाक कोरडं करायचं, पॉलिशचा लेप लावायचा, विमलबाईंच्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं घासायचं. पावसाळ्याआधी वरून मेणाचा हात. सकाळच्या उन्हात चंपतराव एका चाकावरून दुसऱ्या चाकावर बसत बसत जायचे आणि विमलबाई उंबऱ्यात गहू निवडत बघायच्या. दोघं फारसं बोलत नसत. विमलबाईंना ती सकाळ बरी वाटायची.

दुसरा पावसाळा सरला तेव्हाची गोष्ट. चंपतराव चाकं पुसून आंघोळीला गेले आणि विमलबाई बादली उचलायला ट्रककडे गेल्या. पुढच्या चाकाच्या खालच्या डाव्या अंगाला चिखल तसाच होता. चतकोर भाकरीएवढा नसेल, कोरीसारखा वळलेला, काळ्या मातीचा वाळलेला चिखल. बाकी सगळं चाक लखलखत होतं.

"हे राह्यलं जी इथं," चंपतराव बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

चंपतराव आले, वाकले, बघितलं. मग मान तिरकी केली आणि पुन्हा बघितलं. "केलं होतं म्या," ते म्हणाले. फडकं घेतलं, तेवढी कोर घासली आणि आत गेले.

पुढच्या खेपेनंतर तसंच. या वेळी दोन चाकांवर, दोन्हीवर त्याच जागी. विमलबाईंनी पुन्हा दाखवलं. चंपतराव पुन्हा वाकले. चाक पुसलं, हात धुतले आणि त्या दिवशी जेवायला बसले नाहीत. "भूक नाई," म्हणाले. दिवसभर ट्रकच्या केबिनमध्ये बसून राहिले, गाडी सुरू न करता, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून.

त्यानंतर विमलबाईंनी दाखवणं सोडलं. चंपतराव आंघोळीला गेले की त्या पदर खोचून फडकं घ्यायच्या आणि सगळ्या चाकांवरून फिरून राहिलेली कोर पुसून टाकायच्या. चंपतराव बाहेर यायचे, चाकांकडे बघायचे, "कसे चमकून राह्यले," म्हणायचे. विमलबाई म्हणायच्या, "व्हय."

विमलबाईंना वाटत होतं, मोतीबिंदू आहे. त्यांच्या आईला झाला होता. आईला पार दिसेनासं झालं तेव्हा कुणीतरी म्हणालं, पिकू द्या, पिकल्यावर काढतात. पुढं यवतमाळच्या शिबिरात तो काढला आणि म्हातारी सुईत दोरा ओवू लागली. तसंच होईल. पिकेल, मग काढू. आत्ताच बोललं तर हा माणूस गाडीवर बसणं सोडेल, आणि गाडी सोडून हा जगणार कसा? मध्ये लायसनच्या वेळी डोळे तपासले गेले. चंपतरावांनी समोरच्या पाटीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवली. घरी आल्यावर त्यांनी ते दोनदा सांगितलं. विमलबाईंचा जीव भांड्यात पडला.

तरी मनात कुठंतरी काटा होताच. जेवताना डाव्या हाताजवळचा पाण्याचा पेला लवंडायचा. थोरल्या भावाच्या गोठ्याकडे जाताना चंपतराव बैलाला धडकले आणि बैलालाच शिव्या घातल्या. एकदा गाडीचा डावा आरसा मोडून आला. "रस्ते बारीक करून ठेवले लेकाइनं," ते म्हणाले. विमलबाईंनी हळूच आणखी एक काम अंगावर घेतलं. गाडी निघायच्या आधी चाकांना हळदीकुंकू लावायच्या निमित्तानं त्या सगळ्या चाकांपाशी जायच्या, कुंकवाचं बोट टेकवत प्रत्येक नटावरची पिवळी रेघ बघायच्या. एकदा मागच्या चाकाची एक रेघ तुटलेली दिसली. त्या म्हणाल्या, "हे रेघ वाकडी दिसते काय हो, का मलेच तसं वाटते?" चंपतराव आले, बघितलं, पाना आणून नट आवळला. "तुयी नजर चांगली हाये," म्हणाले, आणि हसले.

अशी दोन वर्षं गेली. विमलबाईंना वाटायचं, आपण दोघं मिळून एक माणूस झालो आहोत आणि त्या माणसाचं सगळं नीट चाललं आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांत बेल्लमपल्लीहून लेकीचा, मयूरीचा फोन आला. मयूरीचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला, त्यांना क्वार्टर मिळालेलं. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं आणि सासू हयात नव्हती. विमलबाईंना जावंच लागणार होतं. निघताना त्या दाराशी घुटमळल्या.

"गाडी नीट पाहून घेत जा जी," त्या म्हणाल्या. "रेघा गिघा."

"तू बाळंतीण पाह्य. गाडी मी पाह्यतो," चंपतराव म्हणाले.

बेल्लमपल्लीला नातू झाला. विमलबाई बाळाला न्हाऊ घालायच्या, मयूरीला शेक द्यायच्या, दुपारी फोन करायच्या. चंपतराव सांगायचे, भाकरी वहिनी देतात, माल भरून राह्यलो, सगळं ठीक. विमलबाईंना डोळ्यांविषयी विचारायचं असायचं, पण कधी विचारलंच नव्हतं तर आता फोनवर कसं विचारणार?

भैंशाहून गाठी भरून निघाल्यावर निर्मलच्या अलीकडं चंपतरावांच्या पुढच्या डाव्या चाकात खिळा गेला. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं चाक उतरवलं, पंक्चर काढलं. चढवायची वेळ आली तेव्हा त्यानं नट बोटानं फिरवून घेतले आणि नट आवळायचं मशीन उचललं, तर चंपतरावांनी हात आडवा केला. "रुको. ये चाका मैं खुद कसूंगा." दुसऱ्याच्या हातून आपली चाकं आवळून घेणं त्यांना चालत नसे. त्यांनी लांब पाना घेतला. एक वरचा, एक खालचा, एक डावा, एक उजवा. अंगातली सगळी ताकद लावून आवळले. डबीतला पिवळा रंग काढला आणि जितके नट दिसले तितक्यांवर रेघ ओढली. त्यांना सगळेच दिसले होते. त्यांच्या लेखी चाक पुरं झालं होतं.

थोडं अंतर गेल्यावर ते नियमाप्रमाणं थांबलेही. उतरले, पाना लावला, रेघा बघितल्या. सगळ्या सरळ होत्या. पुन्हा गाडीत बसले.

गुडीहत्नूर मागं पडलं आणि स्टेअरिंगला थरथर जाणवू लागली. आधी त्यांना वाटलं रस्ता खराब आहे. मग पुढून टकटक आवाज येऊ लागला. चंपतरावांनी वेग कमी केला, गाडी कडेला घेऊ लागले, आणि तेवढ्यात केबिनची डावी बाजू खाली कोसळली. लोखंड डांबरावर घासल्याचा आवाज झाला. त्यांनी काचेतून बघितलं तर आपल्याच ट्रकचं चाक आपल्या पुढं पळत होतं. उन्हात चमकत ते रस्ता उतरलं, चारी ओलांडली आणि बाजूच्या कापसात शिरलं.

कापसात बाया वेचणी करत होत्या. आरडाओरडा झाला. बाया कापसाची ओटी सोडून पळाल्या. चाक पऱ्हाटीच्या ओळी मोडत गेलं आणि एका म्हातारीच्या पाठीमागून वाऱ्यासारखं निघून पुढं आडवं पडलं. म्हातारी ऐकायला कमी होती, तिला काही कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा ती मटकन खाली बसली आणि तिला उठता येईना. राहीबाई तिचं नाव. चंपतराव धावत आले, तेही ठेचकाळत, आणि तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"डोळे फुटले काय रे तुये?" राहीबाई म्हणाली.

तिनं रागानं म्हटलं होतं, कुणीही म्हणालं असतं तसं. चंपतराव तिथंच तिच्याशेजारी मातीत बसले.

निरोप मिळताच सुधाकरराव दुकान सोडून आले. त्यांनी चाक बघितलं, हबवर उरलेले बोल्टांचे तुकडे बघितले. डिस्कच्या भोकांना नटांनी घासून चरे पडले होते, काही भोकं लांबट झाली होती. काही भोकांशेजारी पिवळ्या रेघेची अर्धी खूण होती. एका अंगाच्या भोकांशेजारी रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. तिथले नट पंक्चरवाल्यानं बोटानं लावले होते तसेच राहिले होते. त्या बाजूचा भार बाकीच्या बोल्टांवर आला आणि ते एकेक करून तुटले.

"चंपत," सुधाकरराव म्हणाले, "या बाजूचे नट त्वा आवळलेच नाईत."

"आवळले."

"गड्या, पाह्य न. इथं रेघच नाई."

चंपतराव वाकले. त्यांनी चाकाकडं सरळ बघितलं, मग मान डावीकडं वळवली, मग खाली केली, मग पुन्हा वळवली. सुधाकरराव त्यांची मान बघत होते. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाचा हात जसा फिरतो तशी ती मान फिरत होती. सुधाकररावांनी आपला हात चंपतरावांच्या डाव्या अंगानं हळूच वर आणला, बोटं हलवली. चंपतराव समोरच बघत राहिले.

"किती बोटं हायेत?" सुधाकररावांनी विचारलं.

"कुठं?" चंपतराव म्हणाले.

विमलबाई बेल्लमपल्लीहून मिळेल त्या बसनं परतल्या. आदिलाबादच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर पद्मजा म्हणून होत्या. त्यांच्या आजोबांच्या काळापासून घर आदिलाबादेत, मराठी बोलायच्या. त्यांनी चंपतरावांना एका यंत्रात डोकं टेकवायला लावलं, आत दिवा लुकलुकला की बटण दाबायला सांगितलं. चंपतराव बराच वेळ बटण दाबत बसले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "सगळे दिवे पाह्यले म्या." डॉक्टरांच्या हातातल्या कागदावर मात्र काळाच काळा रंग उतरला होता. मध्ये थोडी पांढरी जागा होती.

"मोतीबिंदू हाये न?" विमलबाईंनी विचारलं. "पिकला असंल आता."

"मोतीबिंदू नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते. आधी कडेकडेचं दिसणं जातं. समोरचं शेवटपर्यंत चांगलं दिसतं, म्हणून अक्षरं वाचता येतात. आणि जिथलं दिसत नाही तिथं अंधार नसतो. आजूबाजूला जे दिसतंय तेच मेंदू तिथं भरून टाकतो. माणसाला वाटतं, सगळं दिसतंय."

"ऑपरेशन करा न," विमलबाई म्हणाल्या.

"दाब कमी करायला करता येईल. आयुष्यभर थेंब घालावे लागतील. जे उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही." त्या थांबल्या. "गाडी आता चालवायची नाही. मोटारसायकलसुद्धा नाही."

चंपतरावांनी मान हलवली, जशी ते ट्रॅफिक पोलिसासमोर हलवत.

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. "धडकणं, बाजूचं न दिसणं?"

"काही नाई, आताच," चंपतराव म्हणाले. "थोडं थकलो की व्हायचं."

विमलबाई गप्प बसू शकल्या असत्या. पुढं कितीदा तरी त्यांच्या मनात आलं की गप्पच बसायला हवं होतं. पण डॉक्टर पेन घेऊन थांबल्या होत्या आणि विमलबाईंना वाटलं, खरं सांगितलं तर कदाचित औषध वेगळं देतील.

"तिसरं वरीस हाये," त्या म्हणाल्या. "चाक पुसताना खालची बाजू राह्यत होती. मीच पुसत होती मागून. नटाच्या रेघा बी मीच पाह्यत होती. मले वाटलं, मोतीबिंदू हाये, पिकू द्यावं."

चंपतरावांनी मान वळवली. नुसती वळवून भागलं नाही, खांदेही वळवावे लागले, तेव्हा कुठं विमलबाई त्यांच्या उरलेल्या नजरेत आल्या. ते त्यांच्याकडं बघत राहिले.

"तेव्हा आली असती तर?" विमलबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

पद्मजा डॉक्टरांनी कागदाकडं बघितलं. "तेव्हा थेंब सुरू केले असते तर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत असणार." पण ते म्हणायला त्यांना उशीर झाला होता.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दाब उतरला. नजर आली नाही. उजव्या डोळ्यानं चंपतरावांना नळीतून बघितल्यासारखं दिसायचं, एका वेळी एक चेहरा, एक पेला, एक दार. विमलबाई सकाळसंध्याकाळ त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायच्या. ते मान मागं टाकून देत, डोळा उघडा ठेवत, थेंब पडला की मिटत. रागावले नाहीत. फक्त विमलबाई डाव्या अंगाला येऊन बसल्या की ते पूर्वीसारखी मान वळवत नसत. त्या तिथं बसलेल्या असत आणि ते समोर बघत असत. त्यांना विमलबाईंच्या जागी भिंत दिसत असेल.

ट्रक दुरुस्त होऊन आला आणि विकायला काढला. भैंशाचा हर्षदीप नावाचा ड्रायव्हर आला. तिशीतला, बोलायला बरा. त्यानं गाडीला फेरी मारली आणि म्हणाला, "काका, डिस्क मस्त ठेवल्या."

"तेजाब मारू नको," चंपतराव म्हणाले. "चाक खोललं की थोडं जाऊन पुन्हा आवळ."

"व्हय काका."

"दुसऱ्याले पाह्याले सांग. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं पाह्याचं."

हर्षदीपला यातलं काय कळलं कुणास ठाऊक. तो गाडी सुरू करून घेऊन गेला. चंपतराव आवाज ऐकत उभे राहिले. आवाज गेल्यावरही उभे राहिले, आणि मग ज्या बाजूला गाडी गेली होती त्याच्या उलट बाजूला तोंड करून घरात शिरायला निघाले, तर विमलबाईंनी दंडाला धरून वळवलं.

गावातल्या बाया येऊन बसायच्या. सुधाकररावही यायचे. विमलबाई रडल्या की सगळे एकच सांगायचे. बाई, सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. ड्रायव्हर माणूस. कुठला ड्रायव्हर डोळे दाखवायला जातो? सुधाकरराव तर म्हणाले, "वयनी, म्या सांगतलं असतं तर मलेच मारायले धावला असता." हे विमलबाईंना धरून ठेवायला बरं होतं. धड झोपही न लागणाऱ्या त्या दिवसांत त्या हेच मनाशी घोळवत. ऐकलं नसतं. दोनदा दाखवलं तर जेवला नाही, तिसऱ्यांदा काय केलं असतं. ऐकलं नसतंच.

थंडीत ज्वारी हुरड्याला आली. मोठ्या जाऊबाई, रेणुकाबाई, दुपारी शेतावर यायला सांगून गेल्या. चंपतराव जायला तयार झाले याचंच विमलबाईंना नवल वाटलं. दोघं बांधाबांधानं निघाले. वाट अरुंद होती, विमलबाई पुढं आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चंपतराव मागं. एका वळणावर पऱ्हाटीचा खुंट पायाला लागला आणि चंपतराव तोल जाऊन पडता पडता राहिले. विमलबाईंनी त्यांना कवेत धरलं. दोघं तसेच थोडा वेळ थांबले. इतक्या जवळ ते कित्येक महिन्यांत आले नव्हते. म्हणून असेल, किंवा आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून, विमलबाई बोलल्या.

"लोकं म्हणतेत, म्या सांगतलं असतं तरी तुमी ऐकलं नसतं."

"कोन लोकं?"

"समदेच. सुधाकरभाऊ बी."

चंपतरावांनी विचार केला. खरंच विचार केला, हे विमलबाईंना दिसत होतं. ते उत्तर टाळत नव्हते आणि टोचायलाही बघत नव्हते.

"सुधाकरचं नसतं ऐकलं," ते म्हणाले. "पोरीचं बी नसतं ऐकलं." मग जरा थांबून म्हणाले, "तुयं ऐकलं असतं."

वाटेत कुणी गावाचा रस्ता विचारला तर सांगावा, तसं ते म्हणाले. ज्वारीत पाखरं उठली, पलीकडून रेणुकाबाईंनी हाक मारली, की हुरडा भाजला आहे, थंड होईल. विमलबाईंनी नवऱ्याचा हात उचलून पुन्हा आपल्या खांद्यावर ठेवला, कारण पुढं जायला दुसरी वाट नव्हती.

"पाय उचला," त्या म्हणाल्या. "नाली हाये."

त्यांनी पाय उचलला.